मासे, चिलखते आणि सैनिकाचे डोके

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात जुन्या चिलखतांची डागडुजी करणारी एक छोटी कार्यशाळा होती. तेथे ऐरण होती, नाना आकारांचे हातोडे होते आणि चिलखत घडविण्याची जवळपास लुप्त झालेली विद्या जाणणारा दानिएल ताशो नावाचा फ्रेंच कारागीर होता. एरवी तेथे चारशे वर्षांपूर्वीच्या सरदारांच्या चिलखतांचे निखळलेले सांधे जुळविले जात. अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरली आणि त्याच ऐरणीवर वेगळेच काम सुरू झाले. फ्रान्समधील खंदकांत उतरणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी पोलादी शिरस्त्राणांचे नमुने तेथे घडू लागले. ज्यांच्या देखरेखीखाली हे काम चालले होते ते गृहस्थ ना लष्करी अभियंते होते, ना पोलादाचे कारखानदार. त्यांचे नाव बॅशफर्ड डीन. त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती ती माशांच्या अभ्यासासाठी.

सैनिकाच्या हेल्मेटविषयी आज जेथे जेथे विचार होतो तेथे दोन प्रश्न जोडीने येतात. ते काय अडविते, हा पहिला; आणि ते किती वेळ डोक्यावर राहू शकते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पोलादाच्या जाडीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर मान, कपाळ, कान, घाम आणि कंटाळा यांच्याकडे मागावे लागते. हे दोन प्रश्न वेगळे नसून एकच आहेत, ही जाण ज्यांनी आधुनिक युद्धाच्या पहाटे पद्धतशीरपणे मांडली त्यांत डीन यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या हयातीत मात्र त्यांचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही.

डीन यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. लहानपणी एका स्नेह्यांच्या घरी जुने युरोपीय शिरस्त्राण त्यांच्या दृष्टीस पडले आणि त्या पोलादी वस्तूने त्यांना कायमची भुरळ घातली, असे सांगितले जाते. परंतु चिलखतांच्या वेडावर पोट भरत नाही. त्यांनी प्राणिशास्त्राची वाट धरली. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १८९० मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्राचीन माशांचे जाणकार जॉन न्यूबेरी हे त्यांचे गुरू. पुढे डीन त्याच विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या संशोधनाचा विषयही योगायोगाने चिलखतांशी नाते सांगणारा होता. ओहायो राज्यातील क्लीव्हलँडजवळच्या काळ्या खडकांत सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे जीवाश्म सापडतात. त्यांतील काही माशांचे डोके आणि छाती जाड अस्थिपट्टांनी मढविलेली असे. जणू निसर्गाने त्यांना शिरस्त्राण आणि उरस्त्राण चढवून समुद्रात सोडले होते. त्याच खडकांत एका आद्य शार्कचे अवशेषही मिळतात. त्याला क्लॅडोसेलाकी हे शास्त्रीय नाव १८९४ मध्ये डीन यांनीच दिले. हा शार्क सडपातळ, चपळ आणि चिलखताविना वावरणारा होता. अस्थिपट्टांचे मासे काळाच्या ओघात निर्वंश झाले, शार्कचे कूळ मात्र आजही समुद्रात आहे. संरक्षण आणि हालचालीची मोकळीक यांच्यातील ओढाताण डीन यांनी प्रथम पाहिली ती अशी, दगडात गोठलेली.

माशांच्याच अभ्यासासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ते जपानला गेले. दिवसा सागरी प्रयोगशाळेत दुर्मीळ शार्क आणि त्यांचे गर्भ तपासावेत आणि उरलेल्या वेळात सामुराईंची चिलखते धुंडाळावीत, असा त्यांचा तेथील क्रम असे. जपानी चिलखताने त्यांना बरेच काही शिकविले. ते चिलखत लोखंडाच्या एका सलग कवचाचे नसते. लाखेचा थर दिलेल्या छोट्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींत गुंफून ते तयार होते. ते अंगाबरोबर वाकते. तेथून त्यांनी आणलेला संग्रह पुढे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वैभवात भर घालणारा ठरला.

१९०४ मध्ये त्या संग्रहालयाने ड्यूक ऑफ दिनो या फ्रेंच सरदाराचा शस्त्रसंग्रह विकत घेतला आणि त्याची जबाबदारी डीन यांच्यावर मानद अभिरक्षक म्हणून सोपविली. त्याच सुमारास अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ते माशांच्या विभागाचेही अभिरक्षक होते. ही दोन्ही संग्रहालये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन अंगांना उभी आहेत. बागेच्या एका बाजूला मासे आणि दुसऱ्या बाजूला चिलखते, असा या माणसाचा दुहेरी संसार कित्येक वर्षे चालला. १९१२ मध्ये मेट्रोपॉलिटनने शस्त्रे आणि चिलखते यांचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, त्याचे पहिले अभिरक्षकही डीनच झाले. पुढच्याच वर्षी विल्यम रिग्ज या धनिक संग्राहकाने आयुष्यभर जमविलेला आपला ठेवा या विभागाला अर्पण केला.

डीन यांच्या दृष्टीने चिलखत ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. ते कसे घातले जाई, त्याचे वजन शरीराच्या कोणत्या भागावर येई, डोके वळविताना ते कोठे अडे, त्याच्या आत अस्तर कसे बसविलेले असे, हे ते बारकाईने पाहत. उत्तम जुन्या शिरस्त्राणात पोलादाची जाडी सर्वत्र सारखी नसते, हे त्यांना ठाऊक होते. जेथे घाव बसण्याची शक्यता अधिक तेथे पत्रा जाड आणि इतरत्र पातळ. घाव सरळ न बसता निसटून जावा म्हणून पृष्ठभाग गोलाकार. आणि आत कापसाची जाड गादी, म्हणजे पोलादाला बसलेला धक्का कवटीपर्यंत पोचू नये. जुने चिलखतकार गिऱ्हाइकाच्या अंगाची मापे घेऊन काम करीत. ते एका अर्थी पोलादाचे शिंपीच होते.

या जुन्या विद्येची गरज एवढ्या लवकर भासेल, असे कुणाला वाटले नव्हते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा कोणत्याही मोठ्या राष्ट्राच्या पायदळाकडे पोलादी टोप नव्हता. फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिक कापडी टोपी घालून लढत होते, तर जर्मनांच्या डोक्यावर चामड्याचे टोकदार शिरस्त्राण होते. हिंदी पलटणींना फेट्या-पागोट्यांचाच आधार होता. डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींनाही पोलादी टोपाचे संरक्षण लाभले नव्हते. खंदकातील सैनिकाचे सारे शरीर जमिनीखाली असे. उघडे पडे ते डोके. वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे छर्रे आणि कपचे नेमके तेथेच येत.

१९१५ मध्ये फ्रान्सच्या ऑगुस्त-लुई एद्रियाँ या अधिकाऱ्याने जेमतेम पाऊण किलो वजनाचा पातळ पत्र्याचा टोप सिद्ध केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन ब्रॉडी यांनी पालथ्या पसरट भांड्यासारखा टोप पुढे आणला. त्यासाठी मँगनीजयुक्त चिवट पोलाद वापरले जाऊ लागले. १९१६ मध्ये जर्मनीने कान आणि मानेपर्यंत उतरणारे खोल शिरस्त्राण सैन्याला दिले. हॅनोवरचे फ्रीडरिश श्वेर्ड हे त्याचे रचनाकार, आणि ऑगस्ट बिअर या नामांकित शल्यचिकित्सकांनी डोक्याच्या जखमा पाहून त्याचा आग्रह धरला होता.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा टोप नव्हता. वेळ दवडणे शक्य नव्हते, म्हणून ब्रिटिश नमुना जसाच्या तसा स्वीकारण्यात आला. आधी चार लाख टोप ब्रिटनकडून घेतले आणि मग अमेरिकेतच सुमारे सत्तावीस लाख तयार झाले. त्या टोपाचे पोलाद पिस्तुलाची गोळी झाडून तपासले जाई. सेकंदाला सहाशे फूट वेगाने आलेली गोळी त्याने अडवावी, अशी कसोटी होती. जवळून सुटलेल्या रायफलच्या गोळीपुढे त्याचा टिकाव लागत नसे, आणि तशी अपेक्षाही नव्हती. डोक्याच्या बहुतेक जखमा मंद गतीच्या कपच्यांनी होत होत्या आणि त्या तो बऱ्याच अंशी टाळू शकत होता.

मग उणे काय होते? डीन यांना लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागात मेजरचा हुद्दा देऊन याच प्रश्नाचा छडा लावण्याचे काम सोपविण्यात आले. ते युरोपात गेले, तेथील शिरस्त्राणे आणि सैनिकांचे अनुभव त्यांनी गोळा केले. ब्रिटिश नमुन्याचे दोष त्यांच्या अनुभवी नजरेतून सुटले नाहीत. तो डोक्याच्या वर तरंगत असे. कानशिले आणि मानेचा मागचा भाग उघडाच राही. तो उथळ होता याचे कारण त्या चिवट पोलादाला एकाच दाबात खोल आकार देणे यंत्रांना जड जाई. म्हणजे त्याची घडण डोक्याच्या सोयीपेक्षा कारखान्याच्या सोयीने ठरली होती. शिवाय अस्तर कठीण होते आणि धावताना टोप डुले.

संग्रहालयाच्या कार्यशाळेत ताशो यांच्या हातून एकामागून एक नमुने आकाराला येऊ लागले. काही नमुन्यांवर पंधराव्या शतकातील युरोपीय शिरस्त्राणांची स्पष्ट छाया होती. डीन यांची भूमिका सरळ होती. टोप डोक्याच्या आकाराला धरून असावा, म्हणजे कमी पोलादात अधिक भाग झाकला जाईल. त्याचा तोल डोक्याच्या मध्यावर राहावा, कारण तोल साधलेले ओझे मानेला हलके वाटते. अस्तर आणि पोलाद यांच्यात मोकळी जागा असावी, म्हणजे पत्रा आत दबला तरी कवटीला टेकणार नाही. अस्तर वेगवेगळ्या मापांच्या डोक्यांना जुळविता यावे. आणि सैनिकाला ऐकू यावे, खाली-वर पाहता यावे, बंदुकीचा दस्ता गालाला लावता यावा. यातील एकही अपेक्षा आजच्या हेल्मेटच्या विचारातून वगळता येणार नाही.

त्यांच्या नमुन्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा टोप फोर्डच्या कारखान्यात सुमारे बाराशेच्या संख्येने तयार झाला. तो खोल होता, कान आणि मान झाकत होता. पण त्याच्या वाट्याला एक अनपेक्षित अडचण आली. तो दुरून जर्मन शिरस्त्राणासारखा दिसे. धुरात आणि संधिप्रकाशात आपल्याच माणसाला शत्रू समजून गोळी घातली जाईल, या भीतीने तो नाकारला गेला. ही भीती निराधार नव्हती. युद्धात बाह्यरेषेवरूनच माणूस ओळखला जातो. परंतु मानवी डोके दोन्ही बाजूंना सारखेच असल्यामुळे त्याला नीट झाकणारा आकारही फारसा वेगळा असणार नाही, ही गोष्ट त्या गडबडीत बाजूला पडली.

मग पाचव्या क्रमांकाचा नमुना आला. डीन यांच्या विचारांचे सार त्यात उतरले होते. आठव्या क्रमांकाच्या नमुन्याला डोळ्यांवर ओढता येणारी पोलादी झडप होती; परंतु तिने दृष्टी अडे आणि वजन पुढे झुके. १९१८ मध्ये घंटेच्या आकाराचा आणखी एक अमेरिकी टोप चाचणीसाठी पाठविला गेला, तोही सैनिकांच्या पसंतीस उतरला नाही. यातला एकही नमुना जुन्या टोपाची जागा घेऊ शकला नाही, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. अमेरिकी सैनिक अखेरपर्यंत त्या पसरट टोपातच लढला.

शत्रूच्या गोटातील एक उदाहरणही बोलके आहे. जर्मन शिरस्त्राणाच्या कपाळावर अडकविण्यासाठी एक जाड पोलादी पट्टी दिली जाई. तिचे संरक्षण मोठे होते, पण तिचे वजन दोन किलोंहून अधिक आणि तेही सारे पुढच्या बाजूला. एका जागी स्थिर राहणारे पहारेकरी सोडले तर ती कुणाच्या फारशी कामी आली नाही. संरक्षणाची पातळी वाढली आणि टोप डोक्यावरून उतरला, तर त्या पातळीचा उपयोग काय?

युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, डीन यांनी आधुनिक युद्धातील शिरस्त्राणे आणि चिलखते या विषयावरील आपला ग्रंथ येल विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. त्यात निरनिराळ्या राष्ट्रांचे टोप, त्यांची वजने, पोलादाचे प्रकार, चाचण्या आणि अस्तरांची रचना यांची तपशीलवार नोंद आहे. बंदुकीमुळे चिलखत नाहीसे झाले, हा समज अपुरा असल्याचे तेथे उमगते. जुन्या काळी बंदुकीची गोळी अडविण्यासाठी चिलखते अधिकाधिक जाड होत गेली आणि लांबच्या मजला मारणाऱ्या सैनिकाने ती वाटेतच टाकून दिली. गोळीने जे काम अर्धवट केले होते, ते ओझ्याने पुरे केले. डीन यांनी छाती, हात आणि पाय यांच्यासाठीही हलक्या चिलखतांचे नमुने करविले होते. सैनिकांनी त्यांच्याकडेही पाठच फिरविली. सैनिक संकटाचा हिशेब क्षणाक्षणाने करतो आणि त्रासाचा हिशेब तासातासाने. ही वस्तुस्थिती कोणत्याही प्रयोगशाळेतील आकड्याइतकीच ठाम आहे.

डीन पुन्हा आपल्या दुहेरी संसारात रमले. माशांविषयीच्या साऱ्या लेखनाची सूची करण्याचा त्यांचा अवाढव्य प्रकल्प १९१६ ते १९२३ या काळात तीन खंडांत पुरा झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यासाठी त्यांना एलियट पदक देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९२८ रोजी मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी अमेरिकी सैन्याच्या डोक्यावर तोच जुना पसरट टोप होता.

पुढची कहाणी त्यांना पाहता आली नाही. दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमले तेव्हा पसरट टोप अपुरा असल्याचे लष्कराला मान्य करावे लागले. जून १९४१ मध्ये एम-१ नावाचे खोल शिरस्त्राण स्वीकारले गेले. बाहेर मँगनीजयुक्त पोलादाचे कवच आणि आत वेगळा काढता येणारा टोप, अशी त्याची जोडरचना होती. आतील पट्ट्यांची मांडणी अमेरिकी फुटबॉल खेळाडूंच्या हेल्मेटवरून सुचलेली होती. या काळात मेट्रोपॉलिटनच्या कार्यशाळेत पुन्हा एकदा लष्करासाठी नमुने घडले आणि डीन यांचे उत्तराधिकारी स्टीफन ग्रॅन्सी यांनी ते काम पाहिले. एम-१ जवळपास चार दशके टिकले. तरीही माणसाचा स्वभाव तोच राहिला. स्फोटाच्या लाटेने टोप मागे खेचला जाऊन मान मोडेल, या भीतीने असंख्य सैनिक हनुवटीचा पट्टा मोकळाच सोडत. अखेर ठरावीक ताण येताच आपोआप सुटणारी कडी पट्ट्यात बसवावी लागली.

१९८० च्या दशकात पोलाद मागे पडले आणि केव्हलार या कृत्रिम तंतूच्या एकोणीस थरांचे हेल्मेट अमेरिकी सैन्यात आले. कान आणि मान झाकणारा त्याचा आकार सैनिकांना पाहताक्षणी जर्मन शिरस्त्राणाची आठवण करून देई, म्हणून त्याला फ्रिट्झ असे टोपणनावही पडले. ज्या साम्यामुळे डीन यांचा नमुना नाकारला गेला, त्या साम्याची भीती तोवर उरली नव्हती. या हेल्मेटची कसोटीही शास्त्रशुद्ध झाली. सुमारे एक ग्रॅम वजनाचे पोलादी तुकडे वाढत्या वेगाने झाडायचे आणि ज्या वेगाला निम्मे तुकडे अडतात तो वेग नोंदवायचा. या हेल्मेटसाठी तो सेकंदाला किमान दोन हजार फूट असावा, अशी अट होती.

मात्र संरक्षण वाढले तशी नवी गाऱ्हाणी पुढे आली. जाड गळपट्ट्याचे चिलखत घालून सैनिक पालथा पडला की हेल्मेट मागून ढकलले जाऊन डोळ्यांवर येई. म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या नव्या हेल्मेटची कपाळावरची कड काढून टाकण्यात आली आणि कानांजवळचा भाग कापून वर नेला. आतील पट्ट्यांच्या जागी मऊ गाद्या आल्या आणि हनुवटीचा पट्टा चार ठिकाणी बांधला गेला. झाकलेले क्षेत्र थोडे घटले, पण हेल्मेट डोक्यावर स्थिर बसू लागले. आज अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनच्या तंतूंमुळे आणखी मोठा मारा अडविता येतो. पण गोळी अडली तरी कवच आत किती दबते, हा डीन यांच्या काळचा प्रश्न कायम आहे. त्यात रात्री पाहण्याच्या दुर्बिणी पुढे लटकतात आणि मानेवरचा ताण सावरण्यासाठी मागे वजन लावावे लागते. तोलाचा धडा पुन्हा नव्याने गिरवला जातो आहे.

डीन यांच्या नमुन्यांना यश आले नाही, हे खरे. पण त्यांचे अपयश विद्येचे नव्हते. जुन्या कारागिरांनी शेकडो डोक्यांची मापे घेऊन जे जाणले होते, ते त्यांनी नव्या युद्धासाठी पुढे ठेवले; घाईने आणि बाह्यरूपाच्या भीतीने ते मागे सारले गेले, आणि काही दशकांनी गरजेनेच परत आणले. संरक्षक वस्तूची योग्यता ती किती जाड आहे यावर जितकी ठरते, तितकीच ती माणूस दिवसभर अंगावर वागवू शकतो की नाही यावरही ठरते. रात्रीच्या पहाऱ्यावर थकलेल्या जवानाने मान मोकळी करण्यासाठी हेल्मेट काढून बाजूला ठेवले, तर त्याच्या पोलादाचा किंवा तंतूंचा सारा दर्जा त्या क्षणी जमिनीवर पडलेला असतो. दगडातल्या माशांपासून सरदारांच्या टोपांपर्यंत आयुष्यभर चिलखतांचा शोध घेणाऱ्या एका प्राध्यापकाने हे फार पूर्वी जाणले होते.